साहेबाचं गाऱ्हाणं

“उद्या कौल उजवा पडला पाहिजे, गुरव. साहेब स्वतः येणार आहेत,” पोतनीस रेंजर म्हणाले आणि पुढ्यातलं कोकमाचं सरबत त्यांनी एका दमात संपवलं.

मी खळ्यात त्यांच्यासमोर उभा होतो. “कौल देव देता, रावसायब. माझ्या हातात काय आसा?”

“हातातच तर आहे सगळं. पाकळी कोण लावतं? तू की देव?” ते हसले. माणूस घाटावरचा, पण कोकणात पंधरा पावसाळे काढलेला. आमच्या खाचाखोचा त्यांना आमच्याहून जास्त ठाऊक. मग त्यांनी आवाज उतरवला. “तुझा भाऊ नाशिकच्या तुरुंगात आहे ना? वासुदेव? साहेबांच्या एका शब्दाचं काम आहे. झाडं पडली की मी शब्द टाकतो. पावसाच्या आधी पोरगा घरी.”

माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. आई ऐकत होती.

त्रेचाळीस सालचा चैत्र. वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि रवळनाथाची पूजा माझ्याकडे आली होती. मी सव्वीस वर्षांचा, अंगात सोवळं नीट टिकत नव्हतं, आणि गाव मला कालपर्यंत ‘गुरवाचो तातू’ म्हणत होतं ते आता ‘गुरवानु’ म्हणायला लागलं होतं. धाकटा वासू मालवणच्या इंग्रजी शाळेत शिकायला गेला आणि बेचाळीसच्या धामधुमीत तारा तोडताना सापडला. तेव्हापासून आई जेवायला बसायची ती दाराकडे तोंड करून.

कौल म्हणजे काय ते सांगतो. गावाला काही ठरवायचं असलं की मानकरी देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, पेरणी, भांडण, वाटणी, सगळं त्यावर. आता पाकळी जास्त भिजवली तर उशिरा सुटते आणि कोरडी लावली तर पटकन सुटते, हे शेंबड्या पोरालाही कळेल. म्हणूनच वडील मला शिकवताना म्हणाले होते, “हात हलको ठेव. देवाच्या कामात आपली अक्कल घालू नको.” आमच्या घराण्यात कुणी ती घातल्याचं ऐकिवात नाही. पण कुणाचा भाऊही आजवर तुरुंगात गेला नव्हता.

सरकारला देवाची राई हवी होती. तिकडे लढाई पेटलेली, इकडे बंदरात लाकूड कमी पडत होतं. आमच्या राईतले आईन आणि किंजळ दोन माणसांच्या कवेत मावत नव्हते. कुणी कधी काडी तोडली नव्हती, म्हणून तर ते एवढे झाले. राईच्या पोटात झरा होता. त्याच्यावर अख्ख्या वाडीचं पिणं आणि खालची वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भातशेती. राई गेली की झरा जाणार, हे सांगायला कुणी पंडित लागत नव्हता.

सरकारने मनात आणलं असतं तर पोलीस आणून राई तोडता आली असती. कायद्याने डोंगर सरकारचाच होता. कधी झाला ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. अडलं ते कुऱ्हाडीपाशी. ठेकेदार शेटये आसपासच्या गावांतून तोडपे घेऊन आला. ते राईच्या कडेला आले, रवळनाथाचं नाव ऐकलं, आणि कुऱ्हाडी खाली ठेवून विड्या ओढत बसले. “देवान उजवा दिलो तर तोडतंव. नायतर आमका आमची पोरांबाळां आसत.” शेटयेनं मजुरी वाढवली. त्यांनी विड्या वाढवल्या. शेवटी साहेबच वैतागून म्हणाला म्हणे, “तर मग विचारा तुमच्या देवाला! त्याला किती वेळ लागतो?”

पोतनीस गेले आणि आई बाहेर आली. मी म्हटलं, “आये, तू आयकलंस?”

“आयकलंय.”

“गाव माका उभो जाळीत.”

“जाळूंदे,” आई म्हणाली. ती कधी आवाज चढवत नसे. “झाडां परत येतत, तातू. माझो झिल परत येवचो नाय. तिकडे तेका काय खावक घालतत कोण जाणे. तू एक पाकळी सुकी लाव. देव आवशीक माफ करता.”

“आनि झरो?”

“झऱ्याक मी जल्म दिलेलो नाय.”

संध्याकाळभर मी सुरंगीच्या झाडाखाली बसून राहिलो. वासूला मी खांद्यावर बसवून झऱ्यावर न्यायचो. भावाला सोडवावं तर गाव तहानेने मरतं, गावाला वाचवावं तर आईच्या डोळ्यांत कायमचा मरतो. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. देवाला मी एवढंच म्हटलं की बाबा, हा कौल माझ्यावर आणू नको. देवाने नेहमीप्रमाणे काही सांगितलं नाही.

सकाळी देवळापुढे सगळा गाव. पुरुष सभामंडपात, बायका बाहेर चाफ्याखाली. साहेब घोड्यावरून आला. प्रेस्टन त्याचं नाव. उंच, लालबुंद, पन्नाशीचा. आल्याआल्या बुटांवरून गाडं अडलं. आमचे मुख्य मानकरी अप्पा परब उंबऱ्यात उभे राहिले. सत्तरी ओलांडलेले, कानाने थोडे कमी, पण तोंडाने अजिबात नाही.

“सायबाक सांगा, पायतणां भायर.”

पोतनीस चाचरले. पण साहेबाला खुणेवरून कळलं. त्याने पायरीवर बसून बूट काढले. आत मोजे होते, एकाला अंगठ्यावर भोक. बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. मला मात्र उगाच बरं वाटलं. साहेबाच्या मोज्याला भोक पडतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी गाभाऱ्यात गेलो. चाफ्याच्या पाकळ्या पाण्याच्या वाटीत टाकल्या. दोन पाकळ्या हातात घेतल्या आणि बाहेरचं गाऱ्हाणं ऐकत उभा राहिलो. गाऱ्हाणं संपेपर्यंत पाकळी लावायची नाही, हा नियम.

अप्पांनी हात जोडले आणि त्यांचा आवाज देवळाच्या आढ्यात घुमला.

“बा देवा रवळनाथा, चार शिवेच्या राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव एका तोंडाने म्हणाला. साहेब दचकला.

“आज जी काय तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तुझ्या राईतली झाडां तोडूची म्हणान तुझ्याकडे जो कोण मागूक इलो आसा…” अप्पा थांबले आणि मागे वळले. “कोण मागता? नाव सांगा.”

“सरकार,” पोतनीस म्हणाले.

“सरकार कोणाचो झिल?”

“म्हणजे?”

“गाऱ्हाण्यात माणसाचा नाव लागता, रावसायब. नाव, गाव, बापाशीचा नाव. देव हाक मारतलो कोणाक? सरकाराक घर आसा? पोरां आसत? माणूस दाखवा.”

पोतनीस शेटयेकडे बघायला लागले. “शेटये, ठेका तुमचा. तुमचं नाव घाला.”

शेटयेला तेवढ्यात मोठा खोकला आला. “मी आपलो हुकमाचो ताबेदार. झाडां काय माका नको होती. मी सावंतवाडीक विचारून सांगतंय…” असं काहीबाही पुटपुटत तो खांबाआड सरकला.

“मग तुमचा घालू, रावसायब?” अप्पांनी विचारलं.

पोतनीसांच्या कपाळावर घाम आला. पंधरा पावसाळ्यांत कोकण त्यांच्या अंगात किती मुरलं होतं ते तेव्हा दिसलं. “माझं कशाला? मी नोकर माणूस,” ते म्हणाले.

साहेबाने काय चाललंय ते विचारलं. पोतनीसांनी सांगितलं. साहेब मोठ्याने हसला, पुढे आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, “प्रेस्टन.” मग बापाचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. अप्पांनी ते आपल्या परीने उच्चारून पाहिलं आणि मान हलवली.

“कित्याक व्हयी झाडां?”

पोतनीस मध्ये दुभाषी. साहेब म्हणाला, लढाईसाठी. बोटी बांधायच्या, पूल बांधायचे.

“लढाय कोणाची?”

साहेबाने सांगितलं, आपली सर्वांची. आपण हरलो तर जपानी इथे येतील.

“येवन काय करतले?”

“सगळं काढून नेतील,” पोतनीसांनी भाषांतर केलं. “तुमचं भात, तुमची झाडं, तुमचा डोंगर.”

मंडपात मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, “मगे ह्यांका घाय झाली आसा ती बरोबर. ते येयच्या आधी नेवक व्हया.” सगळा मंडप हसला. साहेबाने पोतनीसांकडे पाहिलं. पोतनीसांनी काही त्याचं भाषांतर केलं नाही.

पण साहेब मूर्ख नव्हता. हसू कशाचं ते त्याला कळलं असावं. तो एकदम वेगळ्याच सुरात बोलला. पोतनीस अडखळत सांगत गेले, “साहेब म्हणतात, खरं सांगायचं तर मला ही झाडं नकोत. वरून हुकूम येतो, तो मी खाली देतो. मी नाही केलं तर माझ्या जागी दुसरा येईल, तोही तेच करील.”

“ह्यां खरां बोललो,” अप्पा म्हणाले. त्यांना ते आवडलं. देवाकडे वळून त्यांनी पुन्हा सूर लावला.

“तर बा देवा म्हाराजा! हो जो परदेशातलो तुझो पावणो, हेचा नाव पिस्टन म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हेका हुकूम आसा, पण झाडां हेच्या नावान पडतली म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तर तू राजी आसशीत तर उजवो दी. आनि तोडल्यार जा काय बरां-वाईट जायत, जो काय तुझो कोप आसात, तो गावावर घालू नको, तोडप्यांवर घालू नको. तो ह्या पिस्टनाच्या घरार, तेच्या बायल-पोरांर जावंदे म्हाराजा!”

आता गाव ओरडला नाही. या वाक्याला ‘व्हय’ म्हणायचं ते मागणाऱ्याने. तशी रीतच आहे. सगळ्यांच्या नजरा साहेबाकडे.

“काय म्हणायचं आहे मी?” साहेबाने विचारलं असावं. पोतनीसांनी त्याच्या कानाशी लागून, अगदी हळू आवाजात सगळं समजावलं. मी गाभाऱ्याच्या दारातून साहेबाचं तोंड बघत होतो. लाल होतं ते हळूहळू उतरत गेलं. त्याने काहीतरी विचारलं.

पोतनीस म्हणाले, “साहेब विचारतात, मुलाला वगळता येईल का? बाकी सगळं त्यांना मान्य आहे. त्यांना एकच मुलगा आहे. बोटीवर आहे, लढाईत. दिवाळीपासून त्याची काही खबर नाही.”

अप्पांनी मान खाली घातली. म्हातारा मनाने वाईट नव्हता. “घर म्हणजे घर, रावसायब. तेतून एक माणूस बाजूक काढूक येना नाय. तसा येतां तर आमीय काढलां नसतां?”

साहेब उभा राहिला तसाच. बाहेर तोडपे विड्या विझवून आत डोकावत होते. शेटये खांबाआडून बघत होता. एवढ्या लोकांसमोर साहेबाने मागे कसं फिरायचं? राज्य चालवायचं असलं की मागे फिरता येत नाही. त्याने घसा खाकरला, पाठ ताठ केली. तो ‘व्हय’ म्हणणार हे मला स्पष्ट दिसलं. माझ्या तळहातातल्या पाकळीतून पाणी ठिबकत होतं. ती झटकून सुकी करायची की ओलीच लावायची, हे आता घटकाभरात ठरवायचं होतं.

“म्हणू नको रे बाबा!”

आवाज चाफ्याखालून आला. बायकांना बाजूला सारत आई पुढे आली, मंडपाच्या पायरीशी. बायका तिथवर येत नसत. “म्हणू नको! झिलाक मधी घालू नको. तो पाण्यात आसा, खंय आसा म्हायत नाय, आनि तू तेच्या डोक्यार देवाचो कोप ठेवतंस? कसलो बापूस तू?”

साहेबाशी असं एकेरीत कुणी बोललं नव्हतं. पोतनीस तिला हाताने मागे सारायला लागले, पण साहेबाने त्यांना थांबवलं आणि विचारलं, ही काय म्हणते? पोतनीसांनी सांगितलं.

आई थांबली नाही. “माझोय झिल गेलो आसा. तुमच्याच तुरुंगात आसा. वाट बघूचा काय असता, ता माका इचार. काल मीच माझ्या तातूक सांगलंय, उजवो लाव, झाडां जावंदे, माझो वासू येवंदे. पण तेच्या बदल्याक दुसऱ्याचो झिल? ता माका नको. गावात आवशी बसल्यात त्येंका इचार, कोणाक नको.”

पोतनीसांनी हेही सांगितलं. झाडं जाऊन वासू येण्याचा मधला भाग त्यांनी गाळला असता तर बरं झालं असतं त्यांच्यासाठी, पण त्या भरात ते गाळायला विसरले असावेत. साहेबाने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांची मान पुन्हा वर आली नाही.

मग साहेब पायरीपाशी आला. आई पायरीच्या खाली, तो वर. तिच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. तो पायरीवर बसला आणि बूट घालायला लागला. नाड्या बांधायला त्याला इतका वेळ लागला की शेवटी अप्पा परबांनी कुणाला तरी पाणी आणायला पाठवलं. झऱ्याचंच पाणी. साहेब ते घटघट प्यायला, तांब्या खाली ठेवला आणि शेटयेला दोन शब्द बोलला.

“इथे नाही,” पोतनीसांनी गावाला सांगितलं.

घोडा वळणाआड गेला. मग एकदम सगळे बोलायला लागले. अप्पांनी टोपी काढून टक्कल पुसलं आणि म्हणाले, “देवाक कौल देवचो पडलोच नाय. सुटलो बिचारो.” तोडप्यांनी कुऱ्हाडी उचलल्या आणि आमच्यापेक्षा जास्त आनंदाने घरची वाट धरली.

देव सुटला की नाही ते देवाला माहीत. मी सुटलो. हातातल्या पाकळ्या चुरगळून गेल्या होत्या. त्या मी वाटीत टाकल्या आणि गाभाऱ्यातच खाली बसून पोटभर रडलो. मी कोणती पाकळी कशी लावली असती हे मला कधीच शोधून काढावं लागलं नाही. आयुष्यात याहून मोठं दान मला कुणी दिलं नाही.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, “आये, तुझ्या वासूचा काय?”

ती चुलीपुढे बसली होती. “माका काय कळना नाय? पण तू तेचा तोंड बघलंस?” एवढंच म्हणाली आणि पेजेला आधण ठेवलं.

सरकारचं लाकूड काही थांबलं नाही. साहेबाचीही लवकरच बदली झाली आणि त्याच्या जागी दुसरा आला. नदीपलीकडच्या डोंगरावर देव नव्हता, मग तो बोडका झाला. दोन उन्हाळ्यांत तिकडचा ओहोळ आटला आणि पलीकडच्या बायका हंडे घेऊन आमच्या झऱ्यावर यायला लागल्या. आम्ही कधी नाही म्हटलं नाही. म्हणायला तोंड नव्हतं. आमची राई वाचली त्याची किंमत त्यांनी भरली, हे आम्हाला माहीत होतं आणि त्यांनाही.

वासू पुढच्या वर्षी सुटला, बाकीच्या पोरांबरोबर. कुणाच्या शब्दाने नाही. मी त्याला पोतनीसांचं सगळं सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. “अरे दादा, जंगलाच्या रेंजराच्या शब्दान तुरुंगाचा दार उघडता? तेका आमच्या जेलात झाडू मारूक तरी घेतलो असतो काय?” मीही हसलो. मग अंगावर काटा आला. केवढ्याशा थापेवर मी राई द्यायला निघालो असतो कदाचित.

पण ते नंतरचं. तो आला त्या दिवशी आधी आईने त्याला दारातच धरून ठेवलं. हाडं मोजावी तसा पाठीवरून हात फिरवत राहिली. मग पानावर बसवलं. भात वाढला, कुळथाची पिठी वाढली, सुक्या बांगड्याचा तुकडा भाजून ठेवला. तो जेवत होता आणि ती त्याच्यासमोर बसली होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिची पाठ दाराकडे होती.

वासूने हात धुतले. आई उठली, पदराने डोळे पुसले आणि बाहेर तुळशीपुढे जाऊन हात जोडले. मला वाटलं, देवाचे आभार मानायला गेली.

“माझो इलो,” ती म्हणाली. “आता तेचो येवंदे.”